नमस्काराची परतफेड

गेल्या उन्हाळ्यांत सोलापुरांतील एका सभागृहांत मराठी भाषेच्या अवनतीवर एका विद्वान् गृहस्थांचें व्याख्यान झालें. व्याख्यान रसाळ होतें, आणि बाहेर ऊन भाजत असतां पंख्याखालीं बसून दुसऱ्यांच्या अवनतीविषयीं ऐकण्यांत जें एक सुख असतें, तें आम्हां श्रोत्यांना पुरेपूर मिळालें. वक्त्यांचा मुख्य रोष अभिवादनांवर होता. तरुण मुलें भेटलीं कीं ‘काय बे’ म्हणतात. दूरध्वनी उचलला कीं ‘हॅलो’ म्हणतात. कोणी ‘जय भीम’ म्हणतो, कोणी ‘शरणु’ म्हणतो, कोणी ‘सलाम’ करतो, कोणी तेलुगूंत कांहीं तरी पुटपुटतो. एका शहरांत दहा माणसें दहा तऱ्हांनीं भेटतात, आणि मराठी माणसाचा एकमेव शुद्ध, सोज्ज्वळ ‘नमस्कार’ मात्र मरावयास टेकला आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा सारांश होता. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांत माझ्याहि टाळ्या होत्या, हें प्रथमच कबूल करून टाकतों.

घरीं परततांना आमच्या वसाहतीच्या फाटकावरील वृद्ध रखवालदारानें नेहमींप्रमाणें उठून दोन्ही हात जोडले व ‘नमस्कार, साहेब’ म्हटलें. मीहि नेहमींप्रमाणें मान किंचित् हलविली व पुढें चालूं लागलों. चार पावलें गेल्यावर मनांत आलें कीं, ज्या शुद्ध व सोज्ज्वळ नमस्कारासाठीं आपण आतांच टाळ्या पिटल्या, तो या म्हाताऱ्यानें आपल्याला स्पष्ट उच्चारासह दिला. आपण त्याला काय दिलें? त्या व्याख्यानांतील उणीव मला तेथें दिसली. वक्त्यांनीं अभिवादनाचा शब्द तपासला होता. त्याला मिळणारें उत्तर तपासलें नव्हतें. माझें म्हणणें असें आहे कीं, अभिवादनाची योग्यता शब्दांत नसून परतफेडींत आहे. ज्या मापानें दिलें त्याच मापानें जें परत येतें तें अभिवादन सुसंस्कृत; मग तें ‘काय बे’ कां असेना. जें एकाच दिशेनें वाहतें तें असंस्कृत; मग तो नमस्कार कां असेना.

प्रथम वैविध्यावरील आरोप पाहूं. सोलापूर हें शहर मराठी, कानडी व तेलुगु या तीन भाषांच्या सांध्यावर वसलेलें आहे, आणि दखनी उर्दू ही येथील चौथी घरची भाषा आहे. पूर्व भागांतील पद्मशाली विणकरांच्या घरीं ‘बागुन्नारा?’ म्हणजे ‘बरे आहांत ना?’ असें विचारतात. पेठेंतील लिंगायत व्यापारी ‘शरणु शरणार्थी’ म्हणतो, आणि ओळख जुनी असेल तर लागलेंच ‘ऊटा आयिता?’, जेवण झालें का, असें पुसतो. ज्या मुलखानें १८७६ चा दुष्काळ सोसला, त्या मुलखांत हा प्रश्न निव्वळ उपचाराचा कसा म्हणावा? खेड्यांतून आलेला शेतकरी ‘रामराम’ करतो, पंढरीच्या वाटेवरील माळकरी ‘राम कृष्ण हरी’ म्हणतो. आणि या सर्वांचीं मुलें शाळेच्या मैदानावर एकत्र आलीं कीं एकमेकांस ‘काय बे’ म्हणतात. हा ‘बे’ आमच्या बोलींत असा मुरला आहे कीं, परगांवीं गेलेला सोलापूरकर तोंड उघडतांच ओळखूं येतो. वक्त्यांना तो शिवीसारखा वाटतो. परंतु शिवीला शिवीनें उत्तर दिलें तर भांडण होतें. ‘काय बे’ला ‘काय बे’नें उत्तर दिलें तर चहा होतो. एवढा भेद त्यांच्या कानानें टिपावयास हवा होता.

सोलापूरच्या वेशीबाहेर तरी काय आहे? कोल्हापूरचा माणूस ‘काय भावा’ म्हणतो, वऱ्हाडी माणूस ‘काय राजेहो’ म्हणतो, मालवणी माणूस ‘खंय चल्लंस?’ असें विचारतो, आणि गोव्यांतील ख्रिस्ती शेजारी ‘देव बरो दीस दिवं’ म्हणून दिवसाची सुरुवात करतो. कोल्हापूरकर भेटेल त्याला भाऊ करतो, वऱ्हाडी त्याला राजा करतो, मालवणी त्याची वाट विचारतो, गोंयकार त्याच्यासाठीं देवाकडे मागणें मागतो. यांतून वजा काय करावयाचें, हें वक्त्यांनीं सांगितलें असतें तर बरें झालें असतें.

ही स्थिति एकट्या मराठीची आहे असेंहि नाहीं. स्पॅनिश ही भाषा घ्या. वीसएक राष्ट्रांची ती राजभाषा आहे, आणि तिचें शुद्धिरक्षण करण्यासाठीं माद्रिद येथें १७१३ पासून एक राजमान्य संस्था आहे. तरीहि स्पेनमध्यें दोन मित्र भेटले तर ‘के ताल’ म्हणतील. मेक्सिकोंत ‘के ओंदा’ म्हणतील, ज्याचा शब्दशः अर्थ ‘कोणती लाट?’ असा होतो. कोलंबियांत ‘के मास’, म्हणजे ‘आणखी काय?’, क्यूबांत ‘के बोला’, आणि कोस्टारिकांत ‘पुरा विदा’, म्हणजे ‘निर्मळ जीवन’, एवढें म्हटलें कीं भेट, निरोप व आभार हीं तिन्ही एकाच शब्दांत उरकतात. तीन शतकांच्या शुद्धिरक्षणानें या लोकांच्या नाक्यावरील बोलण्याला हात लागला नाहीं, आणि त्यामुळें स्पॅनिश भाषा बुडाली असेंहि कोणी म्हणत नाहीं. औपचारिक लेखन एका वळणाचें असावें हें मान्य. परंतु दारांत उभ्या असलेल्या माणसाशीं कोणी निबंध लिहीत नसतो.

आतां त्या एकमेव नमस्काराकडे वळूं. तो सर्व मराठी माणसांचा जुना ठेवा होता, आणि आजच्या पिढीनें तो उधळला, असें वक्त्यांनीं गृहीत धरलें. इतिहास याच्या नेमका उलट आहे. १७७९ सालीं मुंबईंतील सोनारांनीं अभिवादन करतांना ‘नमस्कार’ हा शब्द वापरूं नये, असा मनाई हुकूम इंग्रज कंपनीच्या मुंबई सरकारनें काढला होता. नमस्कार हा ब्राह्मणांचा हक्क आहे, तो इतरांनीं घेतां कामा नये, ही तक्रार पेशवाईंतून गेली होती, आणि व्यापार करण्यास आलेल्या परक्या सरकारनें ती शिरसावंद्य मानली! ज्या शब्दाचा आज आपण सर्वांना आग्रह करतों, तो उच्चारला म्हणून अडीचशें वर्षांपूर्वीं याच भूमींत माणूस गुन्हेगार ठरत होता. जुन्या पत्रांचे मायने पाहिले तरी हेंच दिसतें. कोणाला आशीर्वाद, कोणाला दंडवत, कोणाला रामराम, हें पत्राच्या पहिल्या ओळींत ठरलेलें असे, आणि त्यावरून लिहिणाऱ्याची व वाचणाऱ्याची पायरी कळे.

आणखी मागें गेलें तरी हेंच. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत भेटलेल्या माणसाला काय विचारावें याचा नियम आहे. ब्राह्मणाला एका शब्दानें, क्षत्रियाला दुसऱ्या, वैश्याला तिसऱ्या, शूद्राला चौथ्या. पाणिनीनें अष्टाध्यायीच्या आठव्या अध्यायांत व्याकरणाचा एक बारीक नियम सांगितला आहे. वंदन करणाऱ्याला उलट आशीर्वाद देतांना वाक्याचा शेवटचा स्वर लांबवून उच्चारावा. मात्र समोरचा शूद्र असेल तर लांबवूं नये. पाणिनि महान् वैयाकरण होता, आणि त्याच्या काळीं जें चालत असे तें त्यानें नोंदलें. त्याला मी दोष देत नाहीं. परंतु ज्या समाजानें उत्तरांतील एका स्वराची लांबीहि जातीवरून मोजली, त्या समाजाच्या वंशजांनीं ‘काय बे’ ऐकून कानांवर हात ठेवावे, ही मौज आहे.

परतफेडीची कसोटी मीं परदेशांतून आणलेली नाहीं. ती आमच्याच जिल्ह्यांत व शेजारीं सांपडते. बाराव्या शतकांत बसवेश्वर कल्याणच्या राज्यांत मंत्रिपदावर होते. तेंच आजचें बसवकल्याण. हरळय्या नांवाचा एक चर्मकार त्यांना वाटेंत भेटला आणि ‘शरणु’ म्हणाला. मंत्र्यांनीं उत्तर दिलें, ‘शरणु शरणार्थी’. आपण एक दिला आणि आपल्याला दोन मिळाले, हें ऋण कसें फिटावें, या विचारानें हरळय्या व्याकुळ झाला. त्यानें व त्याच्या पत्नीनें आपापल्या मांडीचें कातडें काढून त्याचे जोडे शिवले व बसवेश्वरांपुढें ठेवले, आणि बसवेश्वरांनीं ते पायांत न घालतां मस्तकीं धरले, अशी कथा लिंगायत घरांतून आजहि सांगतात. कथेंतील अद्भुत बाजूला ठेवा. तिच्यांतला हिशेब ध्यानांत घ्या. खालच्या मानलेल्या माणसाच्या अभिवादनाला कमी नव्हे, तर अधिक परत द्यावयाचें. पेठेंतला व्यापारी आज ‘शरणु शरणार्थी’ म्हणतो, तेव्हां तो हाच हिशेब उच्चारीत असतो, त्याला त्याचें भान असो वा नसो. पुढें याच हरळय्याच्या मुलाचा विवाह मधुवरस या ब्राह्मण शरणाच्या कन्येशीं झाला, आणि त्यापायीं दोन्ही पित्यांना राजाज्ञेनें प्राण गमवावे लागले, असें परंपरा सांगते. परतफेड खरी असली कीं ती स्वस्त पडत नाहीं.

बसवेश्वर तारुण्यांत सोलापूर जिल्ह्यांतील मंगळवेढ्यास राहिले होते, अशीहि परंपरा आहे. त्याच मंगळवेढ्यांत पुढें चोखामेळा झाला, आणि तेथेंच १३३८ सालीं भिंतीचें काम करीत असतां ती कोसळून त्याचा अंत झाला. चोखोबाच्या अभिवादनाचा शब्द ‘जोहार’ हा होता. महारानें दुरून, वांकून जोहार करावा. वाड्यांतून त्याला जोहार परत येत नसे, काम येत असे. एकाच गांवाच्या मातीशीं जोडलेलीं हीं दोन अभिवादनें. एक दुप्पट होऊन परत येई, दुसरें कधींच परत येत नसे. कोणी म्हणेल, मग ‘जोहार’ हा शब्दच वाईट. तसेंहि नाहीं. पालघरच्या डोंगरपट्टीपासून झारखंडपर्यंत आदिवासी बांधव आज एकमेकांस ‘जोहार’ म्हणतात व ‘जोहार’च परत घेतात, आणि तो त्यांच्या अभिमानाचा शब्द आहे. शब्द तोच, वाहण्याची दिशा बदलली, आणि दास्याचा शब्द स्वाभिमानाचा झाला.

वारकऱ्यांचेंहि असेंच. दोन वारकरी भेटले कीं दोघेहि एकमेकांच्या पायांना हात लावतात. वय पाहत नाहींत, विद्या पाहत नाहींत, जो तो दुसऱ्याला ‘माउली’ म्हणतो. नवख्याला त्यांत आधीं कोण वांकला हेंहि कळत नाहीं. मात्र येथेंहि स्वतःची पाठ थोपटून घेण्याचें कारण नाहीं. चंद्रभागेच्या वाळवंटांत जें घडे, तें मंदिराच्या दारांतून आंत जाण्यासाठीं साने गुरुजींचें उपोषण व १९४७ साल यावें लागलें. तोंवर चोखोबा पायरीशींच होता.

आतां ‘जय भीम’कडे येतों. वक्त्यांनीं हा शब्द उच्चारतांना ओठ किंचित् मुडपले होते, म्हणून त्याविषयीं स्पष्ट लिहिणें प्राप्त आहे. एकोणीसशें तीसनंतरच्या दशकांत कामठीचे बाबू हरदास यांनीं हें अभिवादन रूढ केलें, आणि ‘जय भीम’ला ‘बल भीम’ असें उत्तर द्यावें अशी त्यांची योजना होती. म्हणजे घडवतांनाच त्याच्या उत्तराचा विचार केलेला होता. जोहाराला शतकानुशतकें जें मिळालें नाहीं, तें या शब्दाच्या जन्मापासून त्याच्या पदरांत होतें. पुढें लोकांनीं उत्तराचा शब्दहि ‘जय भीम’ असाच केला; माप आणखी नेमकें झालें.

आणि येथें मला माझें स्वतःचें एक वर्तन सांगितलें पाहिजे. दहाएक वर्षांपूर्वीं माझा एक जुना विद्यार्थी प्राध्यापकाची नोकरी लागल्याचें सांगण्यासाठीं माझ्या घरीं आला. दारांतच हात जोडून तो म्हणाला, ‘जय भीम, सर.’ मी म्हणालों, ‘नमस्कार, नमस्कार, ये, बैस.’ चहा झाला, पेढे झाले, गप्पा झाल्या. पुढच्या भेटींत तो ‘नमस्कार, सर’ म्हणाला, आणि तेव्हांपासून नेहमीं तेंच म्हणतो. मला त्या वेळीं तें त्याचें सौजन्य वाटलें. खरें सांगावयाचें तर मनांतून बरेंहि वाटलें. आज मला कळतें कीं, त्या दिवशीं तो माझ्याकडून एक शेवटचा धडा शिकून गेला: या घरांत आपला शब्द परत मिळत नाहीं. मीं त्याला दोन नमस्कार दिले, पण ते परतफेड म्हणून दिले नव्हते. दुरुस्ती म्हणून दिले होते. वहींत चुकलेला शब्द खोडून वर बरोबर शब्द लिहावा, तसे.

यावर माझ्याच वर्गांतील वाचक म्हणतील, ‘आम्ही त्या पंथाचे नाहीं, मग तो शब्द कां उच्चारावा?’ ज्या ‘गुड मॉर्निंग’ला मी तीस वर्षें वर्गावर्गांतून बिनतक्रार उत्तर देत आलों, त्या वेळीं मी कोणत्या पंथाचा होतों? साहेबाचा शब्द त्याच्याच भाषेंत परत देतांना आपली अस्मिता अबाधित राहते, आणि शेजाऱ्याचा शब्द परत देतांनाच ती धोक्यांत येते, हें कसें? ज्याच्या श्रद्धेला एखादा शब्द खरोखरच जड जात असेल, त्यानें स्वतःचा शब्द उच्चारावा. परंतु तो पूर्ण तोंडानें, पूर्ण नजरेनें व तितक्याच आदरानें उच्चारावा. मान हलविणें हें कोणत्याहि धर्माचें अभिवादन नाहीं.

दुसरे म्हणतील, ‘सगळेंच बरोबरीचें झालें तर वडीलधाऱ्यांचा मान कोठें राहिला?’ हा आक्षेप प्रामाणिक आहे. नातीनें आजीच्या पायां पडावें आणि आजीनें ‘सुखी राहा’ म्हणावें, यांत शब्द निराळे आहेत, पण परतफेड पुरी आहे. किंबहुना आजीच अधिक देते. शिवाय वयाची पायरी फिरती आहे. आज जी वांकते ती उद्यां आशीर्वाद देईल. जातीची व हुद्द्याची पायरी मात्र फिरत नसे. तेथें वांकणारा पिढ्यान्‌पिढ्या वांकतच राही. पहिल्या वंदनाला मी हात जोडतों. दुसऱ्याला संस्कृति म्हणूं नका, एवढेंच माझें मागणें आहे.

तिसरा आक्षेप राष्ट्रैक्याचा. सर्वांचा एक शब्द असावा, म्हणजे एकी होईल. हा प्रयोग अगदीं अलीकडे झाला आहे. २०२२ सालीं महाराष्ट्र शासनानें, शासकीय कर्मचाऱ्यांनीं दूरध्वनीवर ‘हॅलो’ऐवजीं ‘वंदे मातरम्’ म्हणावें, असें ठरविलें, आणि २ ऑक्टोबरपासून ती मोहीम सुरू झाली. त्यानंतर मला कामानिमित्त अनेक कचेऱ्यांत दूरध्वनी करावे लागले. बहुतेक ठिकाणीं मला ‘हॅलो’च ऐकूं आलें. यांत कर्मचाऱ्यांची देशभक्ति उणी ठरत नाहीं. ज्या काळीं ‘वंदे मातरम्’ उच्चारल्याबद्दल लाठी बसे, त्या काळीं तो शब्द कोणी परिपत्रक काढल्यावांचून लोकांच्या ओठीं आला होता. आणि बिचाऱ्या ‘हॅलो’चा अपराध काय? दूरध्वनीचा जनक बेल याला तेथें ‘अहॉय’ हा खलाशांचा शब्द हवा होता. १८७७ सालीं एडिसननें ‘हॅलो’ सुचविला आणि तो जगानें उचलला. पलीकडे कलेक्टर आहे कीं कोळसेवाला, हें कळण्यापूर्वींच दोघेहि एकच शब्द उच्चारतात. माझ्या कसोटीला तो पुरेपूर उतरतो.

एकीचेंच उदाहरण हवें असेल तर तें या शहरांत आहे. १९३० च्या मे महिन्यांत सोलापुरांत लष्करी कायदा पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजीं, ऐन संक्रांतीच्या तोंडावर, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्याच्या तुरुंगांत फांशी देण्यांत आलें. चौघांचीं नांवेंच सांगतात कीं त्यांच्या घरांतला भेटण्याचा रिवाज एक नसावा. त्यांना एकत्र येण्यासाठीं आधीं एका शब्दावर मतैक्य करावें लागलें नाहीं. आम्ही त्यांच्या पुतळ्यांना वर्षांतून एकदां हार घालतों, आणि त्यांच्यासारख्याच चार घरांतले चार शब्द ऐकले कीं महाराष्ट्र बुडाला म्हणून व्याख्यानें देतों!

एका गोष्टीचा मात्र इशारा दिला पाहिजे, नाहीं तर माझें म्हणणें भाबडें ठरेल. कोणताहि शब्द केवळ आपल्या समाजाचा आहे म्हणून पवित्र होत नाहीं. जो शब्द जमाव करून दुसऱ्याच्या अंगावर फेंकला जातो, ज्याला उत्तर न दिल्यास डोळे वटारले जातात, तें अभिवादन नव्हे. ती जकात आहे. मग त्यांत देवाचें नांव असो, महापुरुषाचें असो कीं मातृभूमीचें असो. अभिवादनाला नाकारण्याची मुभा असते, म्हणूनच त्याच्या परतफेडीला किंमत असते.

त्या व्याख्यानाच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी फाटकाशीं थांबलों, हात जोडले आणि रखवालदाराला आधीं नमस्कार केला. त्यानें मागें वळून पाहिलें. आपल्या पाठीमागें कोणी तरी मोठा माणूस उभा असला पाहिजे, असें त्याला वाटलें. मागें कोणी नव्हतें. बावीस वर्षें मी त्या फाटकांतून जा-ये करीत आहें. मराठी भाषेची अवनति कोठें झाली आहे, असें यापुढें मला कोणी विचारलें, तर मी त्याला मुलांच्या मैदानावर नेणार नाहीं. या फाटकाशीं आणून उभा करीन.